तीन गोळ्यांचा कोर्स

घसा धरलाय, अंगात कसकस आहे, खोकला जात नाही, असे सांगत औषधाच्या दुकानात गेलेल्या माणसाच्या हातात आपल्याकडे बहुधा तीन किंवा पाच गोळ्यांची एक छोटी पट्टी पडते. रोज एक घ्यायची, की काम झाले. ती गोळी म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिन पाचशे. भारतात २०१९ साली खासगी बाजारात कोणती प्रतिजैविके किती खपली याचा एक अभ्यास २०२२ साली 'लॅन्सेट'च्या आग्नेय आशियाविषयीच्या नियतकालिकात आला. त्यात सगळ्या प्रतिजैविकांच्या सगळ्या प्रकारांत ही एकटी गोळी पहिली होती. एकूण खपातला तिचा वाटा ७.६ टक्के. रुग्णाला बरे वाटतेच. बहुतेक सर्दी-खोकले विषाणूंचे असतात, आठवड्याभरात आपले आपण उतरतात आणि श्रेय गोळीच्या नावावर जमा होते.

म्हणून हे औषध कुचकामी आहे असे कोणी समजू नये. मॅक्रोलाइड या कुळातली औषधे गेली सत्तर वर्षे जी कामे करत आली आहेत, त्यांतली काही पेनिसिलिनला कधीच जमली नसती. अडचण वेगळी आहे. हे औषध लोकप्रिय झाले ते शरीरात रेंगाळते म्हणून, आणि ते निकामी होत चालले आहे तेही बरेचसे त्याच कारणाने.

या कुळाचा मूळ पुरुष फिलिपिन्समधल्या मातीत सापडला. इलोइलो प्रांतात राहणारे डॉ. अबेलार्डो अगिलार हे एली लिली या अमेरिकी कंपनीचे काम करत. त्यांनी १९४९ साली मातीचे नमुने कंपनीकडे पाठवले. त्यातल्या एका सूक्ष्मजीवापासून जे. एम. मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी एरिथ्रोमायसिन वेगळे केले आणि १९५२ साली ते 'इलोटायसिन' या नावाने बाजारात आले. प्रांताचे नाव औषधाला मिळाले. अगिलार यांना मात्र स्वामित्वधनाचा एक पैसाही मिळाला नाही. १९९३ साली ते वारले. औषधांच्या इतिहासात माती एकाची आणि पेटंट दुसऱ्याचे हा प्रकार नवा नाही, पण इथे तो फारच उघडा आहे.

एरिथ्रोमायसिनचा रेणू म्हणजे चौदा अणूंचे एक मोठे वलय आणि त्याला लटकलेल्या दोन शर्करा. रसायनशास्त्रज्ञांना हा रेणू इतका अवघड वाटे की रॉबर्ट वुडवर्ड यांच्यासारख्या नोबेल विजेत्यानेही तो प्रयोगशाळेत बांधायला घेतला, पण काम प्रसिद्ध झाले ते १९८१ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. त्या शोधनिबंधावर जवळपास पन्नास जणांची नावे आहेत. औषध बनवण्यासाठी मात्र या खटाटोपाची कधीच गरज पडली नाही. ते आजही टाक्यांमध्ये तो सूक्ष्मजीव वाढवूनच काढतात.

रुग्णांच्या दृष्टीने एरिथ्रोमायसिन हे जरा छळवादी औषध होते. पोटातल्या आम्लात त्याचा रेणू मोडतो, म्हणून दिवसातून चार-चार वेळा घ्यावे लागे. आणि पोटात मुरडा, मळमळ, जुलाब ठरलेले. हा मुरडा का येतो, ते पुढे कळले. आतड्यांना हलवणारे मोटिलिन नावाचे संप्रेरक असते, त्याच्या जागी एरिथ्रोमायसिन जाऊन बसते आणि आतडी जोरात आकुंचन पावू लागतात. डॉक्टर मंडळींनी या दोषाचाही उपयोग करून घेतला: ज्यांचे जठर रिकामे होत नाही अशा रुग्णांना, अतिदक्षता विभागात विशेषतः, हेच औषध लहान मात्रेत देतात.

आम्लात न मोडणारा भाऊबंद शोधण्याची शर्यत मग सुरू झाली. जपानच्या ताइशो कंपनीने रेणूच्या एका जागी मिथिल गट बसवून क्लॅरिथ्रोमायसिन केले, फ्रान्समध्ये रॉक्सिथ्रोमायसिन झाले. पण बाजी मारली ती तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या झाग्रेबच्या 'प्लिव्हा' कंपनीने. स्लोबोदान जोकिच यांच्या हाताखालच्या गटाने, ज्यात गाब्रिएला कोब्रेहेल आणि तिच्या सहकारी स्त्रिया होत्या, १९८० साली वलयात एक नायट्रोजनचा अणू घुसवला. चौदाचे वलय पंधराचे झाले. हेच अ‍ॅझिथ्रोमायसिन. अमेरिकेच्या फायझर कंपनीच्या लोकांना पेटंट चाळताना हा रेणू दिसला, १९८६ साली करार झाला, १९८८ साली प्लिव्हाने 'सुमामेड' आणि १९९१ साली फायझरने 'झिथ्रोमॅक्स' बाजारात आणले. समाजवादी देशातल्या एका कारखान्याचा रेणू अमेरिकी भांडवलाच्या खांद्यावर बसून जगभर गेला.

एका नायट्रोजनने काय केले ते पाहण्यासारखे आहे. रेणू आम्लात टिकू लागला आणि पेशींच्या आत शिरून तिथे मुक्काम करू लागला. रक्तातले प्रमाण कमी, पण फुप्फुसे, टॉन्सिल यांसारख्या ऊतींमध्ये रक्ताच्या दसपट ते शंभरपट. पांढऱ्या पेशी हे औषध पोटात घेऊन संसर्गाच्या जागी जातात आणि तिथे सोडतात. शरीरातून निम्मे औषध जायला सुमारे ६८ तास लागतात, त्यामुळे शेवटची गोळी घेतल्यावरही कितीतरी दिवस ते आत असते. चार-चार वेळा औषध घेण्याचा त्रास संपला आणि तीन गोळ्यांचा कोर्स जन्माला आला.

आता ते करते काय? जिवाणूच्या पेशीत रायबोसोम हे प्रथिने तयार करणारे यंत्र असते. त्याच्या मोठ्या भागात एकेक अमिनो आम्ल जोडले जाते आणि तयार होणारी साखळी एका अरुंद बोगद्यातून बाहेर पडते. पेनिसिलिनचे कुळ जिवाणूची भिंत फोडते. मॅक्रोलाइड भिंतीला हातही लावत नाही, सरळ या बोगद्यात, जोडणी होते त्या जागेच्या किंचित खाली, जाऊन बसते. चकलीच्या सोऱ्याच्या भोकात खडा अडकावा तसे होते. साखळी सहा-आठ आम्लांची झाली की पुढे सरकेना. जिवाणू लगेच मरतो असे नाही. बहुतेकदा त्याची वाढ थांबते आणि उरलेले काम शरीराची प्रतिकारशक्ती करते.

हा खडा नेमका कुठे बसतो ते डोळ्यांना दिसले २००१ साली, इस्रायलच्या आदा योनाथ यांच्या गटाने रायबोसोम आणि त्यात अडकलेले मॅक्रोलाइड यांचे स्फटिकचित्र प्रसिद्ध केले तेव्हा. रायबोसोमच्या रचनेसाठी योनाथ, टॉमस स्टाइट्झ आणि बडोद्यात शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ चे नोबेल मिळाले. औषधाचा आधार आहे तो रायबोसोमच्या आरएनएतल्या २०५८ क्रमांकाच्या अ‍ॅडेनीनवर. माणसाच्या पेशीतल्या रायबोसोममध्ये त्याच जागी ग्वानीन आहे आणि औषध तिथे नीट बसतच नाही. एवढ्याशा फरकावर या सगळ्या कुळाची सुरक्षितता उभी आहे. आणि हाच आकडा, २०५८, पुढे पुन्हा येणार आहे, कारण जिवाणूंनाही तो ठाऊक आहे.

शिकागोतल्या अलेक्झांडर मॅन्किन आणि नोरा वाझ्केझ-लास्लोप यांच्या गटाने नंतर दाखवले की बोगदा पुरता बंद होत नाही. काही प्रथिने बाजूने निसटून जातात, काही ठराविक जागीच अडतात. म्हणजे मॅक्रोलाइड कारखाना बंद पाडत नाही, काही मालच निवडून अडवते. बिघडलेल्या हिशेबाने जिवाणू खचतो, असे आज समजले जाते.

हे औषध कुठे लागू पडते ते आता सरळ समजते. मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूला भिंतच नसते; पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन त्याच्यापुढे कितीही दिले तरी व्यर्थ. शाळकरी मुलांमध्ये होणारा, रुग्ण हिंडता-फिरता असतानाच चिवटपणे रेंगाळणारा न्यूमोनिया पुष्कळदा याचा असतो. क्लॅमिडिया आणि लीजनेला हे पेशीच्या आत लपून बसतात. तिथेही पेशीत शिरणारे औषधच हवे. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या मेळाव्यात पसरलेल्या न्यूमोनियाचे कारण म्हणून लीजनेला ओळखला गेला, तेव्हा मागे वळून पाहताना एरिथ्रोमायसिन मिळालेले रुग्ण जास्त वाचल्याचे दिसले. डांग्या खोकला, घटसर्पाचे वाहक, पेनिसिलिनची खरी अ‍ॅलर्जी असलेल्याचा स्ट्रेप्टोकोकसचा घसा, जठरातला हेलिकोबॅक्टर (इथे क्लॅरिथ्रोमायसिन, दुसऱ्या औषधांच्या जोडीने), कॉलरा, टायफॉइड, गर्भारपणातला टॉक्सोप्लाझ्मा (इथे स्पायरामायसिन) अशी मोठी यादी आहे. पाकिस्तानात सिंध प्रांतातल्या हैदराबादला २०१६ पासून टायफॉइडची जी अतिप्रतिरोधक साथ पसरली, तीत तोंडाने घेण्याजोगे हुकमी औषध म्हणून अ‍ॅझिथ्रोमायसिन एवढेच हाताशी राहिले.

आपल्याकडच्या एका कामाचा उल्लेख मुद्दाम करतो. स्क्रब टायफस हा गवता-झुडपांतल्या माइटच्या अळीच्या चाव्याने होणारा ताप. पावसाळ्यानंतर विदर्भातही तो दिसतो आणि तपासणीत सहज निसटतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने भारतातल्या अनेक रुग्णालयांत झालेली चाचणी मार्च २०२३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आली. गंभीर रुग्णांत एकटे डॉक्सिसायक्लिन किंवा एकटे अ‍ॅझिथ्रोमायसिन देण्यापेक्षा दोन्ही एकत्र शिरेतून दिली तर वाईट परिणाम ४७-४८ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आले. 'वाईट परिणाम' यात मृत्यू, सातव्या दिवशीही टिकलेली गुंतागुंत आणि पाचव्या दिवशीही न उतरलेला ताप हे सगळे एकत्र धरले होते. केवळ मृत्यूत मोठा फरक पडला नाही, हेही सांगायला हवे. तरीही मॅक्रोलाइडचा खरा उपयोग कसा शोधावा याचा हा चांगला नमुना आहे: रोग ठरवा, तुलना करा, मग वापरा.

एका गोळीच्या जोरावर सार्वजनिक आरोग्यात जे घडले ते तर थक्क करणारे आहे. खुपऱ्या हा डोळ्यांचा रोग क्लॅमिडियाच्याच एका प्रकाराने होतो आणि पापणी आत वळून माणूस आंधळा होतो. पूर्वी सहा आठवडे रोज दोनदा डोळ्यांत मलम घालावे लागे. ते कोण घालणार? वर्षातून एकदा अ‍ॅझिथ्रोमायसिनचा एकच डोस पुरतो हे कळल्यावर फायझरने १९९८ पासून ते फुकट द्यायला सुरुवात केली आणि आजवर त्याचे एक अब्जाहून अधिक डोस वाटले गेले. खुपऱ्या ही आता भारताची सार्वजनिक आरोग्य समस्या राहिलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. यॉज या त्वचारोगाचीही अशीच गोष्ट. भारताने आदिवासी भागांत पेनिसिलिनची इंजेक्शने देत तो हटवला. शेवटचा रुग्ण २००३ साली सापडला आणि २०१६ साली प्रमाणपत्र मिळाले. जगात इतरत्र मात्र २०१२ सालच्या पापुआ न्यू गिनीतल्या चाचणीनंतर इंजेक्शनाची जागा एका गोळीने घेतली. तिथेच पुढे गोळीला न जुमानणारा यॉजही सापडला.

आफ्रिकेत यापुढचे पाऊल टाकले गेले. नायजर, मलावी आणि टांझानियात पाच वर्षांखालच्या मुलांना, आजारी असोत-नसोत, वर्षातून दोनदा अ‍ॅझिथ्रोमायसिन पाजले. बालमृत्यू सरासरीने १३.५ टक्क्यांनी घटले, नायजरमध्ये १८ टक्क्यांनी. २०१८ साली हे आकडे आले तेव्हा तज्ज्ञांत दोन तट पडले, आणि ते साहजिक होते. मरणारे मूल आज वाचते. प्रतिरोधक जिवाणू उद्या येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोजक्या ठिकाणी, एक ते अकरा महिन्यांच्या बाळांसाठी हा उपाय सशर्त मान्य केला. माझ्या मते ती तडजोड योग्य आहे. जिथे बाळे मरत आहेत तिथे औषध खर्चावे. पुण्या-मुंबईत नाक गळते म्हणून ते खर्चावे याला असले कुठलेही समर्थन नाही.

जिवाणूंशी संबंध नसलेलेही एक काम हे कूळ करते. जपानमध्ये श्वासनलिकांच्या सूक्ष्म फांद्या सुजून माणूस गुदमरणारा एक जीवघेणा रोग होता. तिथे १९८० च्या दशकात डॉक्टर कुडो यांनी लहान मात्रेत, दीर्घकाळ एरिथ्रोमायसिन देऊन त्याचे चित्रच पालटले, आणि तेही जिवाणू मारायला पुरणार नाही अशा मात्रेत. सूज उतरवण्याचा हा गुण सिस्टिक फायब्रोसिस, वारंवार बळावणारा सीओपीडी, दम्याचे काही प्रकार यांतही वापरला जातो. अमेरिकेतल्या २०११ सालच्या चाचणीत सीओपीडीच्या रुग्णांना वर्षभर रोज २५० मिलिग्रॅम अ‍ॅझिथ्रोमायसिन दिल्याने दुखणे बळावण्याचे प्रमाण घटले, पण काहींची श्रवणशक्ती कमी झाली. हा निर्णय फुप्फुसांच्या डॉक्टरचा, दुकानदाराचा नव्हे.

कोविडच्या काळात मात्र या औषधाबाबत मोठी फसगत झाली. मार्च २०२० मध्ये मार्सेच्या दिदिए राऊल यांच्या गटाने ३६ रुग्णांचा एक निबंध छापला. त्यातल्या सहा जणांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विनबरोबर अ‍ॅझिथ्रोमायसिन दिले होते. सहा जणांच्या जोरावर अर्धे जग ही गोळी घेऊ लागले. गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या कोविडच्या औषधयाद्यांत ती अगदी वरच्या ओळीत असे. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीने साडेसात हजारांहून अधिक रुग्णांवर तपासले: २८ दिवसांतला मृत्युदर औषध दिलेल्यांत आणि न दिलेल्यांत सारखाच, २२ टक्के. मार्सेचा तो निबंध अखेर डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेतला गेला. तोवर कोट्यवधी पट्ट्या पोटात गेल्या होत्या.

दुष्परिणामांबाबत दोन गोष्टी वाचकाने लक्षात ठेवाव्यात, बाकीच्या डॉक्टरवर सोडाव्यात. एक, हे कूळ हृदयाच्या विद्युतलयीत ढवळाढवळ करू शकते. ईसीजीतला क्यूटी काळ लांबतो आणि क्वचित जीवघेणी अनियमितता येते. अमेरिकेतल्या टेनेसीमधल्या २०१२ च्या अभ्यासात दहा लाख कोर्समागे सुमारे ४७ जादा हृदयमृत्यूंचा अंदाज होता. तरण्या, धडधाकट माणसाला हा धोका नगण्य. हृदयविकार असलेल्याला, पोटॅशियम कमी असलेल्याला, लयीवर परिणाम करणारी दुसरी औषधे घेणाऱ्याला तसा नव्हे. दुसरी, एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन यकृतातले एक महत्त्वाचे विकर अडवतात, त्यामुळे कोलेस्टेरॉलची काही औषधे, दम्याचे थिओफिलिन, रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन रक्तात साठू लागतात. अ‍ॅझिथ्रोमायसिनमध्ये हा उपद्रव फार कमी आहे. म्हणून डॉक्टरसमोर बसल्यावर आपण रोज घेतो त्या सगळ्या गोळ्या सांगायच्या, रक्तदाबाची गोळी 'ती तर नेहमीचीच' म्हणून गाळायची नाही.

आता तो २०५८. जिवाणू त्या अ‍ॅडेनीनवर एक मिथिल गट चिकटवतो आणि औषधाला बसायला जागा उरत नाही. हे काम 'अर्म' नावाची जनुके करतात. एरिथ्रोमायसिन बनवणारा तो मातीतला सूक्ष्मजीवही हीच युक्ती वापरतो. नाही तर स्वतःच्याच विषाने मेला असता. म्हणजे प्रतिरोध औषधाइतकाच जुना आहे, आपण फक्त त्याला बाजारपेठ दिली. काही जिवाणू औषध पंपाने बाहेर फेकतात. काहींमध्ये २०५८ हे अक्षरच बदलते: उपदंशाच्या जिवाणूत तसे झाले आणि २००० नंतर सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅझिथ्रोमायसिन वाया जाऊ लागले. परम्यासाठी ते दुसऱ्या औषधाच्या जोडीने देण्याची पद्धत ब्रिटनने २०१९ मध्ये आणि अमेरिकेने २०२० मध्ये सोडली. चीनमध्ये बऱ्याच भागांत मायकोप्लाझ्मा आता बहुतांशी प्रतिरोधक आहे, आणि ज्याच्यासाठी हे औषध सर्वांत हक्काचे होते तोच हा जिवाणू.

इथे रेंगाळण्याचा हिशेब पुरा होतो. औषध शरीरातून हळूहळू उतरते, तेव्हा कितीतरी दिवस त्याचे प्रमाण जिवाणू मारायला अपुरे आणि प्रतिरोधकांना निवडायला पुरेसे असते. बेल्जियममध्ये निरोगी स्वयंसेवकांना एकेक कोर्स देऊन त्यांच्या घशातले स्ट्रेप्टोकोकस तपासले, तेव्हा प्रतिरोधकांचे वाढलेले प्रमाण सहा महिन्यांनंतरही उतरलेले नव्हते. सर्दीसाठी घेतलेल्या तीन गोळ्यांचे खरे बिल हे आहे, आणि ते आपल्या घशातून घरातल्या इतरांच्या घशात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने म्हणूनच अ‍ॅझिथ्रोमायसिनला जपून वापरायच्या औषधांच्या गटात ठेवले आहे. आपल्याकडे २०१३ साली विक्रीची वेगळी नोंद ठेवायला लावणाऱ्या 'एच वन' अनुसूचीत ४६ औषधे घातली गेली. देशात सर्वांत जास्त खपणारे प्रतिजैविक त्यात नव्हते. चिठ्ठीशिवाय ते विकणे तेव्हाही बेकायदा होते, आजही आहे.

नवे औषध येईल आणि सुटू, असे म्हणणाऱ्यांसाठी थोडी चांगली बातमी आहे. मुंबईत मुख्यालय आणि छत्रपती संभाजीनगरात संशोधन केंद्र असलेल्या वोखार्ट कंपनीने नाफिथ्रोमायसिन हे मॅक्रोलाइडचे नवे भावंड विकसित केले. समाजात होणाऱ्या जिवाणूजन्य न्यूमोनियासाठी दिवसाला एकदा ८०० मिलिग्रॅम, तीन दिवस. ते रायबोसोमला दोन जागी पकडते, त्यामुळे जुन्या प्रतिरोधाला पुष्कळ अंशी चुकवते. २०२४ च्या अखेरीस त्याची घोषणा झाली. पण याच घराण्यातल्या टेलिथ्रोमायसिनचा अनुभव ताजा आहे: २००४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली आणि यकृताच्या गंभीर इजांमुळे २००७ साली वापर न्यूमोनियापुरता आवळला गेला. नाफिथ्रोमायसिनची खरी परीक्षा लाखो रुग्णांनंतर होईल. आणि तीन दिवसांचाच कोर्स असल्याने तेही काउंटरवर सर्दीसाठी विकले जाऊ लागले, तर त्याचे आयुष्य किती, हे सांगायला ज्योतिषी नको.

जुनी औषधे परत मिळवता येतात, याचा पुरावा मात्र फिनलंडमध्ये आहे. १९९०-९१ च्या सुमारास तिथे घशाच्या स्ट्रेप्टोकोकसमध्ये एरिथ्रोमायसिनचा प्रतिरोध झपाट्याने वाढला. नवे औषध मागवले गेले नाही. बाह्यरुग्णांना मॅक्रोलाइड कमी लिहा, एवढेच डॉक्टरांना देशभर सांगण्यात आले, आणि डॉक्टरांनी ते ऐकले. दर हजार लोकांमागे रोजचा वापर एका वर्षात २.४० मात्रांवरून १.३८ वर आला. १९९२ साली १६.५ टक्के असलेला प्रतिरोध १९९६ साली ८.६ टक्के झाला.